रक्तवाल्यांचं पॅकेज

पॅकेज प्रकाशित करायचं ठरलं तेव्हा रक्तवाल्यांनी त्यासाठी एक रविवार बाजूला काढून ठेवला होता. तोही अख्खा नाही. सकाळी दहापासून जेवणाच्या वेळेपर्यंत. जेवून उठल्यावर जरा आडवं व्हायचं आणि संध्याकाळी चहा पिता पिता जगभरातून आलेले कौतुकाचे निरोप वाचायचे, असा साधारण बेत होता. प्रत्यक्षात त्या कामाला सात महिने लागले, आणि आडवं व्हायला वेळ असा मिळालाच नाही.

'रक्तवाले' हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. ते शहरातल्या सरकारी रुग्णालयाच्या रक्तपेढीत वरिष्ठ तंत्रज्ञ होते. अठ्ठावीस वर्षं लोकांच्या दंडातून रक्त काढून पिशव्या भरत होते. पण 'वरिष्ठ तंत्रज्ञ' हे शब्द त्यांच्या इमारतीतल्या कुणाच्याच जिभेला पेलले नाहीत. सुरुवातीला लोक त्यांना 'डॉक्टर' म्हणत. मग तळमजल्यावर एक खरोखरचे डॉक्टर राहायला आले, तेव्हा ती पदवी काढून घेण्यात आली आणि कुठलीही नोटीस न देता त्यांना 'रक्तवाले' करण्यात आलं. आपण हे मनाला लावून घेतलेलं नाही, असं ते सांगत. वारंवार सांगत.

त्यांचं स्वतःचं तरी काय वेगळं होतं म्हणा. त्यांनाही माणसं नावाने लक्षात राहत नसत, रक्तगटाने राहत. मेहुण्याचा वाढदिवस त्यांना कधी आठवला नाही. पण तो बी पॉझिटिव्ह आहे आणि अकरा वर्षांत एकदाही रक्तपेढीकडे फिरकलेला नाही, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगू शकले असते.

तर त्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला होता. त्याला कारण घडलं होतं. रक्त लागलं की रक्तपेढीत नोंदवह्या चाळायच्या, त्या गटाचे दाते शोधायचे आणि फोन लावायचे, अशी पद्धत होती. एकदा घाईत त्यांच्या सहकारी बाईंनी अकराच दिवसांपूर्वी रक्त देऊन गेलेल्या माणसाला परत बोलावलं. तो भला माणूस, रुग्णालयाला नाही कसं म्हणायचं म्हणून आला आणि जिन्यातच मटकन बसला. एकदा रक्त दिलं की पुढे नव्वद दिवस द्यायचं नसतं. त्या माणसाला पाणी पाजता पाजता रक्तवाल्यांच्या मनाने घेतलं, की हे वह्यांचं काम यंत्राने केलं पाहिजे. पन्नासाव्या वर्षी ते प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला बसून त्यांनी प्रोग्रॅम लिहिला. गट सांगितला की तो यादी बघे, नव्वद दिवस उलटलेले दाते निवडे आणि त्यातल्या जवळच्या आठ जणांना मोबाइलवर निरोप धाडे. दोन वर्षं तो बिनबोभाट चालला. मग एका प्रशिक्षणाच्या बैठकीत कुणी मोठे अधिकारी त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अहो, हे सगळ्यांना द्या की!" त्या थापेचा परिणाम व्हायचा तो झाला.

सगळ्यांना द्यायची रीत अशी, की प्रोग्रॅम नीट बांधून इंटरनेटवरच्या एका सार्वजनिक भांडारात ठेवायचा. तिथून जगात कुणीही तो फुकट उतरवून घेऊ शकतो. त्या बांधलेल्या गाठोड्याला पॅकेज म्हणतात. एवढी साधी गोष्ट. पण ती घरात सांगितल्याबरोबर मेहुणा म्हणाला, "वा भावजी! ह्या वयात पॅकेज? किती लाखांचं?"

"तसलं नाही रे. हे फुकट आहे."

मेहुण्याने काळजीने बहिणीकडे पाहिलं. "म्हणजे बिनपगारी लावलंय ह्यांना?"

वरच्या मजल्यावर राहणारे निवृत्त पोस्टमास्तर (ए निगेटिव्ह, वर्षातून तीनदा, न चुकता) पॅकेज म्हणजे पार्सल हा एकच अर्थ जाणत होते. ते जिन्यात रक्तवाल्यांना थांबवून गंभीरपणे म्हणाले, "पाठवणाऱ्याचा पत्ता आतसुद्धा टाका. बाहेरचा कागद फाटतो, आतला फाटत नाही. मी आयुष्यभर हेच बघत आलोय." रक्तवाल्यांनी हसण्यावारी नेलं, पण त्यांचा शब्द मोडायला नको म्हणून पॅकेजच्या आत माहितीचं एक टिपण आणि खाली आपला पत्ता घातला. पुढे आलेल्या सगळ्या सल्ल्यांमध्ये कामाला आलेला हा पहिला.

बायकोने मात्र वेगळाच प्रश्न विचारला. ती त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला शिवणाचा क्लास चालवायची. तोंडातली टाचणी काढून ती म्हणाली, "अहो, पण हा तुमच्या रुग्णालयाच्या कामाचा प्रोग्रॅम ना? मग त्यांना विचारलंत का?"

विचारलं नव्हतं. सोमवारी ते हेडक्लार्कांसमोर जाऊन उभे राहिले.

"वस्तू रुग्णालयाच्या बाहेर जाणार," हेडक्लार्क म्हणाले, "म्हणजे अर्जाचा नमुना लागणार. विकताय का?"

"नाही."

"उसनी देताय?"

"नाही, परत येणार नाही."

"म्हणजे आपल्याकडून कमी होणार."

"नाही, आपल्याकडेही राहणार. तिकडेही जाणार."

हेडक्लार्कांनी पेन खाली ठेवलं. "एकच वस्तू दोन ठिकाणी? लेखापरीक्षक मला उभा चिरतील."

बराच खल झाला. अखेर सगळ्या नमुन्यांत जवळचा ठरला तो 'निरुपयोगी साहित्य निकाली काढणे' हा. मोडक्या खाटा आणि फुटके बेसिन ह्याच नमुन्यावर बाहेर जात. त्यात वजनाचा रकाना होता, तिथे 'शून्य किलो' लिहिलं गेलं. खाली रक्तवाल्यांना स्वतःच्या हस्ताक्षरात प्रमाणित करावं लागलं, की सदर साहित्याची समक्ष पाहणी केली असता ते गंजलेले, मोडकळीस आलेले व रुग्णालयाच्या कोणत्याही उपयोगाचे नसल्याचे आढळून आले. दोन वर्षांच्या तपश्चर्येवर त्यांनी अशी सही केली. पण खरं तेही सांगायला हवं. हेडक्लार्क ही फाइल पडून राहू देऊ शकले असते. त्यांनी ती स्वतः हातात घेऊन तीन टेबलं फिरवली आणि एकोणीस दिवसांत आणून दिली. त्या कार्यालयात एकोणीस दिवसांत पंखासुद्धा पुसला जात नसे.

राहिलं नाव. भांडारात नाव रोमन अक्षरांत द्यायचं असतं आणि ते दुसऱ्या कुणी घेतलेलं चालत नाही. रक्तदाता, रक्तमित्र, रक्तसेवा, सगळं गेलेलं. शेवटी 'रक्तबंधू' मोकळं सापडलं. रक्तवाले ते टाइप करत होते, तेवढ्यात बायकोने मापासाठी टेबलावर अडीच मीटर कापड झटकून पसरलं. कीबोर्ड त्याच्याखाली गेला, कोपर कुठल्याशा बटणावर पडलं, आणि नावाची शेवटची दोन अक्षरं मागेच राहून पॅकेज जगासमोर गेलं.

'रक्तबंद'.

रक्तपेढीचं पॅकेज, आणि नाव रक्तबंद! एकदा दिलेलं नाव बदलता येत नाही, असा भांडाराचा नियम. नवीन नाव घ्यायचं तर घेता येत होतं. पण मग ती नवीन वस्तू, म्हणजे नवीन नमुना, आणि पुन्हा एकदा गंजल्याचं प्रमाणपत्र. रक्तवाल्यांनी रक्तबंदशी जुळवून घेतलं.

नऊ दिवस काहीच झालं नाही. पॅकेज तीन वेळा उतरवलं गेल्याचं दिसत होतं, त्यात दोनदा ते स्वतः होते आणि एकदा सहकारी बाई. दहाव्या दिवशी पत्र आलं. पॅकेजच्या आतल्या टिपणात दिलेल्या पत्त्यावर आलेली ती ईमेल होती.

'आदरणीय सर, आम्ही डोंगरातल्या तीस खाटांच्या रुग्णालयातून लिहीत आहोत. आम्ही म्हणजे मी एकटीच, रक्तसाठ्याचं काम माझ्याकडे आहे. आपलं पॅकेज उतरवून घेतलं. ते आमच्याकडे चालत नाही. आमच्याकडे भाषेची सहावी आवृत्ती आहे. पण सोबतचं टिपण वाचून फार शिकायला मिळालं. आभारी आहे.'

इथे थोडं सांगायला हवं. प्रोग्रॅमिंगची भाषा दर एकदोन वर्षांनी कात टाकते. नवी आवृत्ती येते, तिच्यात चार नवे शब्द येतात, दोन जुने टाकून दिले जातात. नवव्या आवृत्तीत लिहिलेलं सहावीला कळत नाही. आणि सहावीला कळेल असं लिहावं तर नववी नाक मुरडते. रक्तवाल्यांनी नवव्या आवृत्तीत लिहिलं होतं आणि जग आपल्याबरोबर नवव्या आवृत्तीत राहतं अशी त्यांची समजूत होती. 'चालत नाही' हे शब्द त्यांना लागले. त्यांनी एका ओळीचं उत्तर ठोकलं: 'कृपया आपली आवृत्ती अद्ययावत करून घ्यावी.'

दुपारपर्यंत परत पत्र. 'सर, एवढ्या लगेच उत्तर दिलंत, आभार. आवृत्ती बदलली की रक्ताच्या फ्रिजचं तापमान नोंदवणारा प्रोग्रॅम बंद पडतो. तो ज्यांनी लिहिला ते आता हयात नाहीत. त्यामुळे मला सहावीतच राहावं लागेल. मी वह्या चाळते. आमचे दातेही फार नाहीत, दोनशे बाराच आहेत. पण ते वाड्यावस्त्यांवर विखुरलेले आणि वह्याही गावागावांच्या वेगळ्या. एका वेळी तीन तास लागतात. आपण काळजी करू नये.'

हे त्यांनी बायकोला वाचून दाखवलं. ती कात्री थांबवून म्हणाली, "तीन तास? आणि तेवढ्यात पेशंटने काय करायचं?" मग म्हणाली, "तुम्ही काय लिहिलं होतंत तिला?"

रक्तवाल्यांनी चष्मा पुसायला घेतला. तो बराच वेळ पुसला.

पुढच्या रविवारी ते सहाव्या आवृत्तीसाठी बसले. सहावीत चालायला लागलं तर नववीत बंद पडलं. नववी उभी केली तर सातवी आडवी झाली; कारण एव्हाना सातवीवाल्या कुणा अनोळखी माणसाचंही पत्र आलं होतं, आणि ते मुळीच नम्र नव्हतं. शेवटी कंटाळून त्यांनी प्रत्येक आवृत्तीसाठी पॅकेजची वेगळी प्रत केली. सहावीची एक, सातवीची एक, आठवीची, नववीची. मग एकीत चूक सापडायची, ती सुधारायची, दुसरीत सुधारायची आणि तिसरीत विसरायची. शिवाय भांडारात ठेवलेली वस्तू मागे घेऊन त्याच क्रमांकावर परत ठेवता येत नाही. चूक झाली की पुढचा क्रमांक घ्यायचा, आणि जुनी चूक जगाला दिसायला तशीच तिथे राहते. रक्तवाल्यांच्या अशा चौदा चुका तिथे ओळीने उभ्या आहेत. त्यातल्या अकराव्या क्रमांकात प्रोग्रॅमच गेला नाही. त्याच्याऐवजी बायकोच्या क्लासची मापांची यादी गेली. छाती चौतीस, कंबर तीस, बाही साडेनऊ. हा क्रमांक एक्केचाळीस लोकांनी उतरवून घेतला. तोपर्यंतचा तो उच्चांक होता.

"निदान नावं नव्हती त्यात," बायको एवढंच म्हणाली. संसार टिकतात ते अशा वाक्यांवर.

डोंगरातल्या बाई मात्र प्रत्येक क्रमांक इमानाने बसवून बघत आणि कळवत. 'सर, आता उघडतो, पण यादी दिसत नाही.' 'सर, यादी दिसते, पण तारखा पुढच्या वर्षीच्या आहेत.' प्रत्येक पत्राच्या शेवटी 'आभारी आहे'. ते वाचून रक्तवाल्यांना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं होई.

अशातच भाषेची दहावी आवृत्ती आली. रक्तवाल्यांनी पाचवी प्रत केली. पाचव्यांदा तेच काम करताना माणसाचं लक्ष जेवढं असतं, तेवढंच त्यांचं होतं. नव्वद दिवस तपासणारी ओळ ह्या प्रतीत राहूनच गेली, आणि तिच्या शेजारच्या दोन ओळीही, एक गट जुळवणारी आणि एक फक्त जवळचे आठ जण निवडणारी, तिच्याबरोबर गेल्या. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. कारण दहावी आवृत्ती अजून कुणाकडे नव्हती.

पुढच्याच शनिवारी रुग्णालयाच्या संगणक विभागाने वरून आलेल्या आदेशानुसार सगळ्या यंत्रांवर दहावी आवृत्ती चढवली आणि रक्तपेढीच्या यंत्रावर तिला चालणारी पाचवी प्रत उतरवून घेतली.

सोमवारी सकाळी सात वाजता सहकारी बाईंनी नेहमीप्रमाणे बी पॉझिटिव्हच्या दोन पिशव्यांसाठी बटण दाबलं. आठ जणांना जायचा तो निरोप नोंदवहीतल्या सोळाशे चाळीस जणांना गेला, सगळ्या गटांच्या. 'आपल्या रक्ताची तातडीने गरज आहे. कृपया लगेच या.'

रक्तवाले पावणेनऊला पोचले तेव्हा रांग रक्तपेढीच्या दारातून निघून, औषधांच्या खिडकीला वळसा घालून, फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेली होती. त्यांना आधी वाटलं, कुठेतरी मोठा अपघात झाला. ते धावतच आत गेले. सहकारी बाई रडवेल्या चेहऱ्याने म्हणाल्या, "मी फक्त दोन मागवल्या होत्या हो!"

रक्तवाल्यांनी यंत्राकडे पाहिलं आणि ओळी कुठे राहिल्या ते त्यांना तिथल्या तिथे कळलं. पायाखालची फरशी सरकली म्हणतात ती अशी. ते बाहेर आले, एका स्टुलावर चढले आणि आयुष्यात कधी बोलले नव्हते इतक्या मोठ्याने म्हणाले, "मंडळी, चूक झालीये. चूक माझी आहे. प्रोग्रॅम मी लिहिलाय. निरोप चुकून सगळ्यांना गेला. अपघात वगैरे काही नाही. आपण घरी गेलात तरी चालेल. मी माफी मागतो."

कुणी शिवी घालेल ह्याची ते वाट बघत राहिले. मग पुढून तिसरा, ट्रकचालकाच्या गणवेशातला माणूस म्हणाला, "पण साहेब, आलोच आहे तर घ्या की."

"हो, आता सुट्टी टाकलीये मी," मागून एक बाई म्हणाल्या.

"ज्यांना नव्वद दिवस झाले नसतील त्यांनी कृपया..."

"मला कुठे आठवतंय? तुमच्या यंत्राला विचारा."

यंत्राला विचारायची सोय असती तर प्रश्नच नव्हता. रक्तवाले स्टुलावर तसेच उभे राहिले. तेवढ्यात रांगेतून छडी टेकत पोस्टमास्तर पुढे आले. निरोप त्यांनाही गेला होता, आणि दीडच महिन्यापूर्वी रक्त देऊनही ते आले होते. "तुम्ही आत जाऊन वह्या काढा," ते म्हणाले. "रांगेचं मी बघतो. पत्रं काय आणि माणसं काय, आधी पेठेप्रमाणे लावायची." पंधरा मिनिटांत त्यांनी आठ रक्तगटांच्या आठ रांगा लावल्या. वह्यांतून एकेकाची तारीख काढून सहकारी बाई ओरडत आणि पोस्टमास्तर पुढे सोडत किंवा माघारी धाडत. माघारी धाडलेले बरेचसे जातच नव्हते. ते खुर्च्या लावायला आणि फळांचा रस वाटायला थांबले. हेडक्लार्क खाली आले, त्यांनी गर्दी पाहिली, न विचारता आपल्या कार्यालयातली सगळी बाकं उचलून आणवली आणि नमुन्याचं नावसुद्धा काढलं नाही.

बी पॉझिटिव्हच्या रांगेत, भिंतीला टेकून, पांढराफटक पडलेला मेहुणा उभा होता. कधीकाळी त्याच्या बहिणीने त्याचं नाव नोंदवून ठेवलं होतं.

"तू?" रक्तवाले म्हणाले.

"तातडीची गरज आहे असं लिहिलं होतं भावजी," मेहुणा म्हणाला. "मला वाटलं तुम्हालाच काही झालं." मग डोळे मिटून त्याने बाही वर केली. अकरा वर्षांचा रक्तवाल्यांचा राग त्या एका वाक्यात कुठल्या कुठे गेला. सुई त्यांनी स्वतः टोचली, आणि इतक्या हळू टोचली की मेहुण्याने विचारलं, "सुरू कधी करणार?"

त्या दिवशी एकशे सव्वीस पिशव्या भरल्या. रक्तवाल्यांना आठवड्याभरात अधीक्षकांकडून दोन पत्रं आली. एकात, बेजबाबदारपणाबद्दल कारवाई का करू नये ह्याची कारणं तीन दिवसांत दाखवा, असं होतं. दुसऱ्यात, एका दिवसातल्या विक्रमी रक्तसंकलनाबद्दल अभिनंदन होतं. दोन्हींवर सही एकाच पेनाची होती. रक्तवाल्यांनी पहिल्याला उत्तर म्हणून दुसऱ्याची प्रत जोडली. प्रकरण मिटलं.

पण रक्त पस्तीस दिवसांच्या वर टिकत नाही, आणि फ्रिज तर भरून वाहत होते. त्यांनी आसपासच्या रुग्णालयांना फोन लावले. डोंगरातूनही गाडी आली, आणि थंड पेट्यांबरोबर त्या बाईही आल्या. पस्तिशीच्या, किडकिडीत, काखेत एक वजनदार जुनाट लॅपटॉप.

"सर, हा आमच्या फ्रिजवाल्या यंत्राचा जुळा भाऊ," त्या म्हणाल्या. "ह्यात सहावीच आहे. म्हटलं, समोरासमोर बघू या. तुम्ही माझ्यासाठी केवढी खटपट केलीत."

"मी? अहो, मी तुम्हाला पहिलं उत्तर काय दिलं होतं, आठवतंय ना?"

"हो," त्या म्हणाल्या. "पण ते लगेच दिलं होतंत. मी आधी तिघांना लिहिलं होतं. त्यांचं अजून यायचंय."

गाडी भरायला तीन तास होते. रक्तवाले त्यांना घरी घेऊन गेले. टेबलाच्या एका टोकाला दोघं पाच प्रती उघडून बसले. दुसऱ्या टोकाला बायको झंपर बेतत होती. तासभर ती नुसतं ऐकत होती.

"एक विचारू?" ती शेवटी म्हणाली. "ह्या पाची प्रतींमध्ये वेगळं किती आहे?"

रक्तवाल्यांनी मोजलं. "सहा ओळी."

"आणि सारखं?"

"नऊशे."

"मग नऊशे ओळी पाच पाच वेळा कशाला लिहिता? क्लासमध्ये एखादी असं करायला लागली तर मी कापड काढून घेते हातातून." तिने बेतलेलं कापड उचलून धरलं. "एकदाच बेतायचं. शिवणीत माया ठेवायची. अंग भरलं तर उसवून सैल करायचं, बारीक झाली तर आत दाबायचं. कापड तेच."

कापडाच्या शिवणीत आत दुमडून ठेवलेल्या जास्तीच्या पट्टीला शिंपी माया म्हणतात, हे रक्तवाल्यांना लग्न झाल्यापासून ठाऊक होतं. त्यांनी कधी लक्ष दिलं नव्हतं. आता मात्र ते आणि डोंगरातल्या बाई लगेच कामाला लागले.

नऊशे ओळी एकदाच ठेवल्या. ज्या सहा जागी आवृत्त्यांचं एकमेकींशी पटत नव्हतं, तिथे प्रोग्रॅमने आधी विचारायचं, बाई, तू कितवी? आणि तिला कळेल त्या शब्दांत बोलायचं. नव्वद दिवसांची ओळ दोघांनी चार वेळा वाचून घातली. पंधरावा क्रमांक साडेतीनला भांडारात गेला. जुळ्या भावाने तो उतरवून घेतला, जरा घरघरला आणि पडद्यावर यादी आली, बरोबर तारखांची. डोंगरातल्या बाईंनी रक्तवाल्यांच्या बायकोचा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

तीन आठवड्यांनी त्यांचं पत्र आलं.

'सर, काल सकाळी एक बाळंतीण आली. रक्तस्राव थांबेना. ओ निगेटिव्ह. आमच्याकडे त्या गटाचे तीनच दाते, आणि ते कुठल्या वह्यांत आहेत हे मला वह्या उघडल्याशिवाय सांगता आलं नसतं. यादी लगेच आली. एक शाळामास्तर, ते वर्ग सोडून आले, हाताला खडू तसाच. दुसरे बसचालक, त्यांनी प्रवाशांना विचारून बस आमच्या दारात आणून उभी केली. आई आणि मुलगी दोघी बऱ्या आहेत. तीन तास वह्या चाळत बसले असते तर... हे वाक्य मी पुरं करत नाही. आभारी आहे.'

रक्तवाल्यांनी ते दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा अक्षरं दिसेनात. चष्मा पुसूनही उपयोग झाला नाही. थोड्या वेळाने त्यांनी ठरवलं, आपणही आभार मानायचे, आणि तेही कायमचे. पॅकेजसोबत आभाराचा कागद जोडता येतो. त्यांनी बसून सगळी दुपार तो लिहिला. डोंगरातल्या बाई, ज्यांनी चौदा चुका तपासल्या. पोस्टमास्तर, पत्ता आत टाकायला सांगितल्याबद्दल. पोस्टमास्तर पुन्हा, रांगेबद्दल. सहकारी बाई. हेडक्लार्क, एकोणीस दिवसांबद्दल आणि बाकांबद्दल. मेहुणा, एका पिशवीबद्दल. ट्रकचालक, ज्यांचं नाव विचारायचं राहिलं. मग सोळावा क्रमांक देऊन त्यांनी कागद जगासमोर ठेवला आणि समाधानाने बायकोला हाक मारली.

ती मागे उभी राहून वाचू लागली. सावकाश, शेवटपर्यंत.

"छान लिहिलंय," ती म्हणाली. "पोस्टमास्तर दोनदा आलेत."

"हो, त्यांनी दोन कामं केली ना!"

"बरोबर आहे." ती आपल्या टोकाला जाऊन बसली आणि सुईत दोरा ओवू लागली.

रक्तवाल्यांनी यादी परत वाचली. वरून खाली, मग खालून वर. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "अगं," ते म्हणाले, "मी... म्हणजे, कुठे घालावं ह्याचाच विचार..."

"राहू द्या हो," ती दोऱ्यावरची नजर न काढता म्हणाली. "आता काय बदलता येणार आहे का? उगाच एक क्रमांक वाया जाईल."

त्यांनी सतरावा क्रमांक घेतला. भांडारात प्रत्येक नव्या क्रमांकाबरोबर काय बदललं ते लिहावं लागतं. त्यांनी लिहिलं: 'एक नाव राहिलं होतं, ते सगळ्यात वर घातलं. बाकी सगळं होतं तसंच.'

अर्ध्या तासात डोंगरातून उत्तर आलं. 'सर, सतरावा क्रमांक सहाव्या आवृत्तीवर बसवून पाहिला. व्यवस्थित चालतो. बदल तपासला. बरोबर आहे. आधीच व्हायला हवा होता.'